कराटे शिकलेला मुलगा जास्त मारकुटा होतो का?

तुम्ही विचारलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, चिडला की हात उगारतो, शाळेतून दोनदा बोलावणं आलंय. पाहुणेमंडळी म्हणतात कराटेला घाला, शिस्त लागेल. तुम्हाला भीती अशी की आत्ता नुसता ढकलतो, उद्या शिकून येऊन ठोसा मारेल.

भीती अगदीच खोटी नाही, म्हणून लिहायला बसलो. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. 22 वर्षं शोतोकान कराटे (कराटेची एक शैली) करतोय आणि संध्याकाळी आमच्या सरांच्या क्लासमध्ये बारक्या पोरांची बॅच घेतो. मी काही जन्माचा शांत माणूस नव्हे, ते पुढे येईलच.

लोकांना वाटतं इथे मारायला शिकवतात. पहिले काही महिने येऊन बघा, उभं राहायलाच शिकवत असतात. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे, पाठ ताठ. याला किबा-दाची म्हणतात. आमचा क्लास गच्चीवर भरतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 42-43 ला टेकतो, संध्याकाळी साडेसहालासुद्धा फरशी तळपायाला चटका देते आणि पोरं अनवाणी. घामाचा थेंब कपाळावरून निघतो, भुवईत अडकतो, मग नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत राहतो. तो पुसायचा नाही. नऊ वर्षांच्या पोराला त्या घडीला जगात दुसरं दुःख नसतं! पहिल्या आठवड्यात सगळेच पुसतात. मी ओरडत नाही, फक्त मोजणी परत पहिल्यापासून सुरू करतो, इची, नी, सान, शी. (मोजणी जपानी असल्याचा एक फायदा. आमच्या बॅचला कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. जपानीत सगळेच सारखे अडाणी.) महिन्या-दीड महिन्यात बरीच पोरं तो थेंब गळून पडू देतात.

घामाचा आणि रागाचा काय संबंध म्हणाल, तर माझ्या मते सगळा संबंध तिथंच आहे. हात उठायला निघालाय हे तो उठायच्या आधी कळणं, एवढंच तुमच्या मुलाला शिकायचंय. राग यायचा थांबत नाही हो. माझा कुठं थांबलाय.

माझे आजोबा तालमीतले. त्यांच्या वेळी नव्या पोराला डाव कुणी लगेच शिकवत नसे, आधी हौद्यातली माती उकरायला लावायचे, कंटाळून पळाला तर पळाला. गच्चीवर आम्ही करतो ते फार वेगळं नाही.

ठोसा येतो तो नंतर, आणि तो थांबवायचा असतो. जोडीदार समोर उभा. पूर्ण वेगाने हात सोडायचा आणि त्याच्या नाकापासून दोन बोटं अलीकडे अडवायचा. नीट जमलं तर त्याचा श्वास आपल्या बोटांच्या पेरांना गरम लागतो. हळू मारलं तर सर म्हणतात, परत. लागलं तरी परत. स्पर्धेतही चेहऱ्यावर जोरात लागलं तर गुण मिळणं लांबच, मारणाऱ्यालाच ताकीद बसते आणि अति झालं तर तो बाद होतो. पांढऱ्या बेल्टवाल्यांना, म्हणजे नवख्यांना, आम्ही पहिला काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) शिकवतो तो हेइआन शोदान. त्यात 21 हालचाली आहेत आणि पहिली हालचाल म्हणजे डावीकडे वळून खालचा वार अडवणे. गिचिन फुनाकोशी हे ओकिनावातले शाळामास्तर. 1922 साली त्यांनी तोक्योत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. कराटेत पहिला वार नसतो, ही त्यांची शिकवण.

आता माझं. ब्राऊन बेल्ट, म्हणजे काळ्याच्या अलीकडचा, मिळाला त्या वर्षी गाडीच्या किल्लीवरून धाकट्या भावाशी वाजलं आणि मी त्याच्या कानाखाली दिली. हात असा गेला की मलाच उशिरा कळलं. सरांच्या कानावर गेलं. ते एक शब्द बोलले नाहीत. पुढचा महिनाभर मला रांगेत उभं केलं नाही, सगळ्यात लहान बॅचच्या पोरांचे बेल्ट बांधायला बसवलं. सुटले की परत बांधायचे. पाच वर्षांच्या पोराचा बेल्ट दहा मिनिटांत चारदा सुटतो. चार-पाच वर्षांच्या सरावाने जे झालं नव्हतं ते त्या महिन्यात थोडंफार झालं, असं मला आजही वाटतं. म्हणून सांगतो, नुसत्या लाथा-ठोशांनी स्वभाव बदलत नाही. शिकवणारा काय चालवून घेतो आणि काय नाही, यावर बरंच आहे.

1986 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता. 34 वाह्यात मुलांचे तीन गट केले आणि सहा महिने प्रयोग चालला. एका गटाला तायक्वांदो रीतसर, म्हणजे नमस्कार, संयम, विचार या सगळ्यासकट. दुसऱ्याला नुसती मारामारीची तंत्रं. तिसऱ्याला दुसरेच खेळ. पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली, दुसऱ्याची वाढली. 34 मुलं म्हणजे काही फार नव्हेत, पण गच्चीवर बघतो ते याच्याशी जुळतं. तुमची भीती त्या दुसऱ्या गटाची आहे.

तेव्हा फी विचारायच्या आधी एक दिवस क्लासच्या कोपऱ्यात बसून बघा. एखाद्या पोराने दुसऱ्याला खरंच लावलं तर सर काय करतात? हसले, "वाघ आहे" म्हणाले, तर चप्पल घालून घरी या. दर दोन महिन्यांनी बेल्ट आणि दर बेल्टला पैसे, तिथूनही या. आमच्या भागातल्या एका मुलाला वर्षाच्या आत ब्राऊन बेल्ट बांधलेला मी बघितलाय, त्याला डावा-उजवा पाय सांगावा लागत होता. तसे हे रंगीत पट्टे कराटेचे मूळचे नव्हेतच, ज्युदोकडून आलेत.

सहा महिने तरी निकाल मागू नका. आणि घरी चिडला की "हेच शिकवतात का तुझ्या क्लासमध्ये?" हे वाक्य कृपा करून टाळा. माझी आई म्हणायची, मला क्लासचाच राग यायचा.

ड्रेस एक नंबर मोठा घ्या. सुती असतो, पहिल्या धुण्यात आटतो. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण तरी दर जूनमध्ये निम्म्या पोरांच्या पँटी घोट्याच्या वर असतात.