पिकअप उंच करण्याआधी विम्याचे कागद काढा

अंबड तालुक्यातल्या एका ३१ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. घरची चार एकर मोसंबी आणि कर्जावर घेतलेली जुनी बोलेरो पिकअप. मोसंबी, कापूस, सिमेंट, मिळेल ते भाडं ते मारतात. पावसाळ्यात पाणंदीवर गाडी रुतते, म्हणून एका दुकानदाराने त्यांना चार इंचांचं लिफ्ट किट आणि मोठे टायर सुचवले आहेत. खर्च १ लाख ४० हजार. ‘गाडी उंच झाली की माल जास्त बसेल, महिन्याला दहा हजार जादा सुटतील,’ असं तो सांगतो. पैशांसाठी एक विमा पॉलिसी मोडायची आणि उरलेल्या रकमेला पत्नीचे दागिने गहाण ठेवायचे, असं त्यांनी ठरवलंय. त्यांना विचारायचंय एवढंच, की किट कोणतं घ्यावं?

कोणतंच घेऊ नका. लिफ्ट किटने गाडीची बॉडी उंच होते, मागचा ॲक्सल आहे तिथेच राहतो. चिखलात आधी टेकतं ते मधलं डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला गिअरचा गोळा, आणि ते वर जातं फक्त टायरमुळे. २१५/७५ आर १५ चा टायर काढून २३५/७५ घातला, तर व्यास तीन सेंटीमीटर वाढतो, म्हणजे डिफरेन्शियल उचललं जातं जेमतेम दीड सेंटीमीटर. काळ्या मातीच्या चिखलात दीड सेंटीमीटरने काय होणार? उलट भरलेली गाडी वळणावर जास्त झुकेल, क्लचवर ताण येईल, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा चार टक्के कमी वेग दाखवेल.

जास्त मालाचं गणित तर सरळ खोटं आहे. गाडी किती वजन नेऊ शकते हे आरसीवर लिहिलेलं असतं, किट लावल्याने तो आकडा बदलत नाही. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर जादा टनामागे २,०००. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला त्याच कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. तुमची गाडी धंद्याची आहे, तिला फिटनेससाठी उभं राहावं लागतं. तिथे किट काढायला लावलं तर १ लाख ४० हजार गेले. वर्षात आठ-दहा वेळा गाडी रुतते म्हणता. ट्रॅक्टरने ओढायला दर वेळी हजार धरले तरी दहा हजार होतात. मागचे टायर झिजले की त्याच मापाचे, खोल नक्षीचे घ्या.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, त्याकडे येतो. मला खरी काळजी त्याची आहे.

डिझेल आणि किरकोळ दुरुस्ती जाऊन सरासरी ३२ हजार सुटतात. त्यातला १७ हजारांचा हप्ता अजून तीन वर्षं आहे, म्हणजे पुढचं व्याज सोडून कर्ज सुमारे पाच लाख बाकी. ‘पैसे वाचवायला’ तुम्ही गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा ठेवलाय, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरणारा, तुमच्या गाडीचं नाही. उद्या गाडी चोरीला गेली, जळाली, उलटली, तर हातात शून्य आणि डोक्यावर पाच लाख. घरी आई-वडील, पत्नी, चार वर्षांचा मुलगा. तुमच्या जिवाचा विमा आहे पाच लाखांचा. तो कर्जातच संपेल, मुलाला काही उरणार नाही. आणि एवढ्यासाठी तुम्ही वर्षाला ५०,००० रुपये हप्ता भरताय!

तुम्ही मोडायला निघालात ती हीच पॉलिसी. ती तुम्हाला ‘घेतली तरच कर्ज मंजूर होईल, पाच वर्षांत पैसे दुप्पट’ असं सांगून गळ्यात मारली. ही फसवणूक आहे, आणि गावोगावी सर्रास चालते. तुमच्याच कागदावर मुदत २० वर्षं लिहिली आहे. अशा पॉलिसीत परतावा पाच-साडेपाच टक्के सुटतो. दहा लाख भरून २० वर्षांनी साधारण १८ लाख. पाच वर्षांत दुप्पट यातून कधीच होत नाही.

तीन हप्ते झालेत, दीड लाख. २०२२ ची पॉलिसी आहे, त्यामुळे हमीची सरेंडर रक्कम, म्हणजे मुदतीआधी मोडल्यावर परत मिळणारे पैसे, भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के, म्हणजे ५२ हजार. एजंट म्हणेल, चौथा हप्ता भरा, मग निम्मे मिळतील. खरं आहे, दोन लाखांचे एक लाख मिळतील. पण ५० हजार घालून ४८ हजार वाढले, यात तुमचं काय वाढलं? चौथा भरू नका. मोडा, पण दागिने कपाटातच राहू द्या, आणि आधी टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा स्वस्त विमा, हातात घ्या.

५० लाखांचा टर्म तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आतबाहेर बसेल. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसं लिहा, हप्ता वाढला तरी चालेल, लपवलं तर पत्नीचा क्लेम अडकेल. कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि तिथे अनेक गाडीवाले अडतात. करसल्लागार छोट्या मालगाडीचं महिन्याला ७,५०० रुपये अंदाजित उत्पन्न दाखवून रिटर्न भरून टाकतो. वर्षाचे ९० हजार दिसले की मोठा विमा कोण देणार? खरे साडेतीन-पावणेचार लाख दाखवा. नव्या कररचनेत त्यावर कर शून्य आहे, लपवायचं कशाला? तोवर बँकेत जाऊन ४३६ रुपयांची जीवन ज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना सुरू करा. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, सुरक्षा मात्र अपघातापुरती.

गाडीचा पूर्ण विमाही याच आठवड्यात. खंड पडल्याने कंपनी आधी गाडी तपासेल. जादा खर्च आठ-दहा हजार धरा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्यात आहे ना, तेही विचारा. सरेंडरच्या ५२ हजारांतून हे दोन्ही भागून तीस हजार उरतात, ते बँकेत वेगळे ठेवा. पुढच्या वर्षापासून ५० हजारांच्या हप्त्याऐवजी वीस हजारांत गाडी आणि माणूस दोघांचा विमा होईल.

सरेंडरचा अर्ज दिलात की एजंट घरी येईल आणि जुनीच्या बदल्यात नवी योजना पुढे करेल. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, ओटीपी सांगू नका, आणि सरेंडरची रक्कम किती ते कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या.