पॉलिसिस्टिक किडनीचा पेशंट समोर आला की

नाशिकला प्रॅक्टिस सुरू करतेयस, तर या आजारात, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, आधी घराण्याचा तक्ता काढायची सवय लाव. कुणाला डायलिसिस लागलं, कुणी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेलं? घरात असा रक्तस्राव झाला असेल तर पेशंटला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरए (एमआरआयने काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र) सांग. पेशंटच्या प्रत्येक अपत्याला हा जनुकातला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के, मग मुलगा असो की मुलगी. सासरचे सुनेला बोल लावतात, म्हणून हे सगळ्यांसमोर सांग.

सगळ्यात जास्त वेळ ब्लडप्रेशरला दे. तिशीतला, किडनी चांगली चालणारा पेशंट असेल आणि त्याला सोसत असेल, तर ११०/७५ पर्यंत आण. औषध एसीई इनहिबिटर किंवा एआरबी, किडनीला जपणारे हे ब्लडप्रेशरच्या औषधांचे दोन गट. बाईला मात्र दिवस राहण्याबद्दल आधी विचार, ही औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार छाटणीच्या दिवसांत कंबरदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खातात, आणि ही वेदनाशामक गोळी किडनीला मारक. गोळीचं नाव घेऊनच विचार, नुसतं "पेनकिलर घेता का" पुरत नाही.

टोल्वॅप्टन, म्हणजे गाठींची वाढ मंदावणारं औषध, सरसकट नको, आजार झपाट्याने वाढणाऱ्यालाच. लघवी खूप होते, उन्हात फवारणी करणाऱ्याला पाणी हाताशी हवंच. ते लिव्हरला इजा करू शकतं, म्हणून लिव्हरच्या तपासण्या पहिले १८ महिने दरमहा.

पेशंटचा भाऊ किडनी द्यायला तयार असेल आणि तरुण असेल, तर त्यालाही हा आजार असू शकतो आणि तरुणपणी गाठी सोनोग्राफीत सुटू शकतात, म्हणून सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एमआरआय किंवा जनुकीय तपासणी केल्याशिवाय होकार देऊ नकोस.