खाली ठेववत नाहीत अशा अभिजात मराठी कादंबऱ्या कोणत्या, आणि सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवली ते सीएसएमटी रोजचा प्रवास, गाडीत जाऊन-येऊन दोन-अडीच तास मिळतात, नावाजलेल्या कादंबऱ्या आणून पाहिल्या पण तिसाव्या-चाळिसाव्या पानापुढे गाडी सरकली नाही. म्हणून साहित्य म्हणून मोठी आणि तरीही हातातून सुटणार नाहीत अशी पुस्तकं हवी आहेत.

आधी एकच नाव सांगतो. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. कादंबरी १९३९ची, आकाराने लहान, तुमच्या तीन-चार दिवसांच्या प्रवासात संपेल एवढीच. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू, आणि त्यांच्यातल्या हॅर्टाच्या प्रेमात ओढला जाणारा चक्रधर. मुंबई आली की तो उतरणार आणि बोट तिला घेऊन पुढे जाणार, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्यामुळे पान उलटलं की मुंबई जवळ येते, आणि वाचणाऱ्याला ती यायला नको असते. या पुस्तकात खून नाही की तपास नाही. संपत चाललेल्या वेळानेच ते वाचकाला धरून ठेवतं, आणि ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही ती पकड ढिली झालेली नाही.

पुस्तक निवडताना ‘हे किती थोर आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘यात कुणाचं काय अडलंय’ हे बघा. वेळ संपत चाललाय, सत्तेची जागा रिकामी पडलीय, कुणाचं घर मोडायला आलंय, असं काहीतरी पहिल्या तीस पानांत उभं राहिलं तर वाचक पुढे जातो. ते उभं राहायला शंभर पानं लागणार असतील, तर पुस्तक उत्तम असलं तरी लोकलमध्ये ते टिकत नाही. कारण गाडीतलं वाचन तुकड्यांनी होतं. ठाण्याला गर्दी चढली की पुस्तक मिटावं लागतं, आणि पुन्हा उघडल्यावर पहिल्याच ओळीला मागचा धागा हातात यावा लागतो.

म्हणूनच ‘कोसला’पासून सुरुवात करू नका. याद्यांमध्ये ती पहिली असते, १९६३ सालापासून मराठी कादंबरीवर तिचा ठसा आहे, आणि तो योग्यच आहे. पण तिचं बळ पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्यात आहे, घटनांमध्ये नाही. तो आवाज कानात बसला की माणूस तिच्यात राहायलाच जातो. तो बसेपर्यंत ‘पुढे काय झालं’ या ओढीने वाचणाऱ्याला ती अडवते. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’चंही तसंच आहे. दोन्ही पुस्तकं सुट्टीतल्या सलग दुपारींसाठी राखून ठेवा.

‘रणांगण’नंतर अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घ्या. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या अण्णा भाऊंनी वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावची ही गोष्ट लिहिली, १९५९ साली ती आली. सुरुवातीलाच, गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून राणोजी शिगावची जोगणी (ती ज्या गावाकडे, जत्रेचा मान त्या गावाचा) आणायला निघतो. त्या एका रात्रीचं वर्णन मराठीतल्या कुठल्याही थरारकथेच्या तोडीचं आहे. पुढे दुष्काळ, इंग्रजांचा जाच आणि उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा राणोजीचा मुलगा फकिरा. वाक्यं छोटी आणि प्रसंग वेगवान आहेत, सगळं डोळ्यांसमोर घडतं. काही ठिकाणी वर्णन भडक वाटेल; ती पोवाड्याची रीत आहे, तिथे अडखळू नका. समीक्षकांनी तिला जेवढं मोठं म्हटलंय त्याहूनही ती मोठी आहे, असं माझं मत आहे.

तिसरी हमीद दलवाईंची ‘इंधन’, १९६५ची. या यादीत सर्वांत कमी वाचली गेलेली आणि सर्वांत जास्त ताण देणारी हीच असेल. निवेदक बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी येतो, प्रकृती सांभाळून विश्रांती घ्यायला. गावात मुसलमान, कुळवाडी, ब्राह्मण, नवबौद्ध अशी सगळी वस्ती. वरवर नेहमीचं गाव, आणि खाली एकेक काटकी रचली जात असते. पेटणार हे दिसतं, कोण पेटवणार हे कळत नाही, आणि ज्याच्या नजरेतून आपण बघतो तो स्वतःही त्यातून सुटलेला नाही. या पुस्तकाबद्दल याहून जास्त कुणाकडून ऐकू नका.

शहर हवं असेल तर अरुण साधू. ‘सिंहासन’ १९७७ची. मुख्यमंत्र्यांची खुर्ची हलवायला निघालेला अर्थमंत्री, आपापलं गणित मांडणारे आमदार, कामगार पुढारी, आणि हे सगळं जवळून बघणारा पत्रकार. प्रकरणं छोटी, संवाद भरपूर, दृश्य सारखं बदलतं. गाडीत वाचायला याहून सोयीची रचना नाही. तिच्या आधीची ‘मुंबई दिनांक’ जास्त पसरट आहे, पात्रंही अनेक, म्हणून ‘सिंहासन’ आधी वाचावी असं मी सांगेन. एक सावधगिरी: जब्बार पटेलांचा १९७९चा ‘सिंहासन’ चित्रपट या दोन्ही कादंबऱ्यांवर मिळून बेतलेला आहे. तो आधी पाहिलात तर कोणत्या पुस्तकात काय आहे याचा गोंधळ होतो आणि डाव-प्रतिडावांतली निम्मी मजा जाते. जयवंत दळवींच्या ‘चक्र’चंही तेच. मुंबईतल्या झोपडपट्टीतली अम्मा आणि तिचा मुलगा बेन्वा यांची ती गोष्ट आधी छापील पानावर भेटू द्या.

सत्तेचाच खेळ गावात बघायचा असेल तर शंकर पाटलांची ‘टारफुला’ (१९६४). कोल्हापूर संस्थानातलं गाव, दरारा असलेला पाटील मरतो आणि गावावर धाक कुणाचा, हा प्रश्न उघडा पडतो. पहिल्याच प्रकरणात जागा रिकामी होते आणि शेवटपर्यंत ती भरण्याची मारामारी चालते. वीस-पंचवीस पानं बोलीशी झटापट होईल, पण सोडू नका.

बोलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बरेच वाचक तिथेच थांबतात. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये वऱ्हाडी, माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त माणदेशी, पेंडशांच्या कादंबऱ्यांत दापोली-खेडकडची भाषा. मुंबईत प्रमाण मराठीवर वाढलेल्या वाचकाला पहिले काही संवाद परके वाटतात आणि तो मनातल्या मनात त्यांचा अर्थ लावत बसतो. तिथे वेग मरतो. घरी पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. अडलेला शब्द शोधायला थांबू नका, वाक्य पुरं करा. तोच शब्द दोन-तीनदा आला की अर्थ आपोआप लागतो. निवेदन बहुतेक प्रमाण भाषेतच असतं, त्यामुळे कथेचा धागा सुटत नाही. ‘धग’मधली कौतिक, नवऱ्याच्या नाकर्तेपणावर मात करून संसार उभा ठेवू बघणारी, या थोड्या श्रमांचं पुरेपूर फळ देते. मात्र ती वाचून मन जड होतं. सकाळच्या गाडीत नको.

श्री. ना. पेंडसे हे गोष्ट सांगण्यातले मोठे कारागीर. त्यांचा क्रम असा ठेवा: आधी ‘गारंबीचा बापू’ (१९५२), मग ‘रथचक्र’ (१९६२), आणि शेवटी ‘तुंबाडचे खोत’ (१९८७). बापू आणि राधा यांनी अख्ख्या गावाला अंगावर घेणं हे सरळ, धारदार कथानक आहे. ‘रथचक्र’मध्ये मुलांना शिकवून वर काढण्यासाठी एक आई आपल्याच घराशी झुंजते. ‘तुंबाडचे खोत’ म्हणजे जगबुडी नदीकाठच्या घराण्याच्या अनेक पिढ्या, दोन जाडजूड खंड. ती वाचताना बुकमार्क म्हणून जाड कागद ठेवा आणि प्रत्येक नवा खोत आला की नातं त्यावर लिहा. पहिल्या दीडशे पानांत हे केलं नाही तर पुढे कोण कुणाचा मुलगा हे शोधण्यातच वाचन थांबतं. आणि ‘तुंबाड’ या भयपटामुळे हे पुस्तक घेणार असाल तर आधीच सांगतो, चित्रपटाने नाव तिथून घेतलं आहे, गोष्ट वेगळी आहे. हे खंड उभ्याने एका हातात धरता येत नाहीत, ते घरचं वाचन.

भयाची ओढ असेल तर चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’. दैवी देणगी म्हणून मिळालेली एक मुळी आणि तिच्यासोबत आलेली अट, एवढ्यावर ती उभी आहे.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत शेवट आधीच ठाऊक असतो, मग उत्कंठा कसली, असं अनेक जण विचारतात. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) उघडा. १४ जानेवारी १७६१ला काय झालं हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, पण फौजेबरोबर निघालेले हजारो यात्रेकरू, तुटलेली रसद आणि घटत जाणारं धान्य यांचा हिशेब लागायला लागला की प्रत्येक निर्णयाला ‘आता तरी वळा’ असं म्हणावंसं वाटतं. आकार मोठा आहे, महिनाभराची तयारी ठेवा, आणि उत्तर हिंदुस्थानचा नकाशा मोबाइलवर जवळ असू द्या. नद्या आणि उतार कळल्याशिवाय कोंडी कळत नाही. त्यापेक्षा आटोपशीर हवी तर ना. सं. इनामदारांची यशवंतराव होळकरांवरची ‘झुंज’. रणजित देसाईंची ‘स्वामी’ जास्त भावनेची आहे. माधवराव आणि राघोबादादा यांच्यातला तणाव येतो तेव्हा ती पकड घेते, एरवी संथ वाहते. ‘मृत्युंजय’ची भाषा अलंकारांनी भरलेली आहे. ज्यांना ती आवडते त्यांना ती फार आवडते. दुकानात पाच पानं वाचून ठरवा.

आता सर्वांत जुनी, आणि माझ्या मते सर्वांत चुकीच्या पद्धतीने वाचली जाणारी: हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. यमू स्वतःची कहाणी सांगते. बालपण, लग्न, सासर, शंकरमामंजींसारखा खलपुरुष, आणि मधले मुंबईतले मोकळ्या श्वासाचे दिवस. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला हरिभाऊंनी ही कादंबरी आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः छापली. ती हप्त्यांसाठी लिहिली आहे. प्रकरणाच्या शेवटी प्रश्न टांगता ठेवलेला असतो आणि पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला थोडी उजळणी असते. एका दमात शंभर पानं वाचली की ती उजळणी कंटाळवाणी होते आणि वाचक दोष पुस्तकाला देतो. रोज दोन किंवा तीन प्रकरणं, त्याहून जास्त नाही. दोन आठवड्यांत यमू घरातलीच मुलगी होते.

हिची प्रत घेताना जपा. हरिभाऊ १९१९ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणून त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं. शीर्षकपानावर ‘संक्षिप्त’ लिहिलंय का बघा. मूळ कादंबरी जाडजूड आहे. दीड-दोनशे पानांत मिळाली तर ती कापलेली समजा, आणि कापताना आधी जातं ते यमूचं बोलणं, म्हणजे कादंबरीचा जीवच.

कोणत्याही अभिजात पुस्तकाची प्रस्तावना आधी वाचू नका. समीक्षक शेवट सांगून मग त्याची चर्चा करतात, आणि ‘रणांगण’ किंवा ‘इंधन’सारख्या पुस्तकाचं त्यात फार नुकसान होतं. मलपृष्ठालाही तोच नियम. कादंबरी संपल्यावर प्रस्तावना वाचा, तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते.

एवढी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. दादर तुमच्या वाटेवर आहे. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, आणि शहरात त्याच्या शाखाही आहेत. ठाण्यात उतरणं सोयीचं असेल तर तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, १८९३चं. अनामत आणि वर्गणी भरली की काम झालं. फक्त जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक आणि कागद पिवळा असतो. हलत्या गाडीत अशा प्रतीने डोळे दुखतात आणि पुस्तक कंटाळवाणं आहे असा गैरसमज होतो. नवी प्रत आहे का, हे काउंटरवर विचारा. फाउंटनच्या फुटपाथवर इंग्रजी पुस्तकं जास्त, तिथे या यादीतलं काही मिळण्याच्या भरवशावर राहू नका.

त्या इंग्रजी ढिगातून काही उचलायचं असेल तर ‘द मूनस्टोन’ (१८६८) उचला. १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा इंग्लंडमधल्या एका घरातून नाहीसा होतो आणि एकेक साक्षीदार आपापली बाजू लिहितो. पहिला निवेदक, घरातला म्हातारा कारभारी, विषयांतर फार करतो. त्याला सहन करा, त्याच्या बडबडीत पुरावे दडलेले आहेत. ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ घेताना प्रकरणं मोजा. पूर्ण कादंबरीत ११७ आहेत, कमी असतील तर ती कापलेली प्रत.

तुमच्यासाठी पहिल्या दीड-दोन महिन्यांचा क्रम: ‘रणांगण’, ‘फकिरा’, ‘इंधन’, ‘सिंहासन’, ‘गारंबीचा बापू’. गाडीत उभ्याने तासाला वीस-पंचवीस पानं धरली तरी हे आरामात होतं. ‘रणांगण’मधली बोटीवरची कोंडी मानवली नाही, तर पन्नासाव्या पानावर तिला बाजूला ठेवून थेट ‘सिंहासन’ उघडा, आणि ‘इंधन’ त्याच्यानंतर घ्या.