विद्यापीठाच्या संगीत विभागाने कोल्हापूर परिसरातल्या शाळांत आणि गावांत काम कसे सुरू करावे?

आपण संगीताच्या पदव्युत्तर वर्गात शिकता आणि विभागातर्फे शाळांत व आसपासच्या गावांत जाण्याचा विचार आहे, तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात काही वर्षे संगीत शिकवले आणि विद्यार्थ्यांना घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळांत जात असे. वर्षभरात २० शाळांत एकेक मैफल करण्यापेक्षा एकच शाळा धरून जूनपासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला एक तास तिथे जावे, असे माझे मत आहे. तो तास मुख्याध्यापकांशी बोलून वेळापत्रकातच घालून घ्यावा, नाहीतर चाचणी परीक्षा जवळ आली की पहिली गदा संगीतावर येते.

पहिल्याच दिवशी यमन राग शिकवायला बसू नये. मुले रोज जी प्रार्थना म्हणतात ती आधी ऐकावी. आमच्या एका विद्यार्थ्याने पेटीवर स्वतःची पट्टी (ज्या स्वराला ‘सा’ मानून गायचे तो) धरली, तेव्हा मुलांना खालचे स्वर लागेनात आणि सगळा वर्ग नुसता ओरडू लागला. पट्टी वर नेल्यावर दुसऱ्या ओळीपासून तोच वर्ग सुरात आला. (पावसाळ्यात गगनबावड्याकडे जाणार असाल, तर दमट हवेने तबल्याचा स्वर उतरतो, तो चढवायला हातोडी विसरू नका.)

जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि देवल क्लब ही इथली संगीतसंस्था १८८३ पासूनची, त्यामुळे ख्यालगायकीचा, म्हणजे रागदारी गाण्याचा, अभिमान कोल्हापूरकरांना असणारच. पण गावात शिरल्यावर हलगी, धनगरी ओवी आणि भजनी मंडळ यांच्यापुढे आपणच विद्यार्थी असतो. एका हलगीवादकांना आम्ही विभागात बोलावले. त्यांनी अंगणात रद्दी पेटवून चामडे शेकले, मधूनमधून टिचकी मारून आवाज चढला का ते पाहिले, आणि मग जो ठेका धरला तो तबल्याच्या विद्यार्थ्यांना वहीत उतरवता येईना. त्या हलगीवादकांना पाहुण्या गवयाइतकेच मानधन द्यावे की नाही, यावर आमच्या बैठकीत वाद झाला. ते तितकेच द्यावे, असे मी तेव्हाही म्हटले होते.

पुढच्या खेपेला ते नातवाला घेऊन आले. तो आम्ही जात असू त्याच शाळेतला सहावीतला मुलगा निघाला, आणि त्याला हलगी वाजवता येते हे त्याच्या शिक्षकांनाही ठाऊक नव्हते.