शार्कची भीती वाटत असताना स्कूबा डायव्हिंग शिकावे का?

शार्कच्या भीतीने समुद्रात कमरेएवढ्या पाण्यापलीकडे जाणे जमत नाही, अशा माणसाने स्कूबा डायव्हिंग शिकावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते अवश्य शिकावे. माझी स्थिती तर याहूनही हास्यास्पद होती: पोहण्याच्या तलावात शार्क नसतो हे पक्के ठाऊक असूनही खोल टोकाकडे जाताना माझे पाय आपोआप वर ओढले जात. आपण न डिवचता शार्कने माणसाला चावल्याच्या घटना जगभरात वर्षाला साधारण ६० ते ७० असतात आणि त्यांतील मृत्यू बहुतेक वर्षी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, हे मी वाचले होते. पण आकड्यांनी माझी भीती रतिभरही कमी झाली नाही.

ती कमी झाली ती साधारण १५ मीटर खोलीवर. प्रशिक्षकाने पंजा कपाळावर उभा धरून शार्कची खूण केली, तेव्हा माझा श्वास क्षणभर अडकला. परंतु डायव्हिंगचा पहिला नियमच असा आहे की श्वास कधीही रोखायचा नाही, आणि धापा टाकल्या तर टाकीतली हवा भराभर संपते. त्यामुळे निरुपायाने मी संथ श्वास घेऊ लागलो आणि श्वासामागोमाग मनही ताळ्यावर आले.

प्रवाळाच्या कपारीखाली, वाळूवर, जेमतेम दीड मीटर लांबीचा, पृष्ठपराचे टोक पांढरे असलेला शार्क पडून होता. सतत पोहला नाही तर शार्क गुदमरतो, ही माझी समजूत तिथेच मोडली, कारण हा मासा तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडत होता आणि त्याच्या पाच कल्लाफटी एका लयीत उघडत-मिटत होत्या. मुस्कटावर सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके होते. ती जेलीसदृश द्रवाने भरलेली छिद्रे असून भक्ष्याच्या शरीरातून निघणारे क्षीण विद्युत्संकेत त्यांतून टिपले जातात, हे मला नंतर समजले. थोड्या वेळाने, बहुधा आमच्या बुडबुड्यांना कंटाळून, तो उठला आणि शेपटीच्या दोन झटक्यांत दिसेनासा झाला. आणखी थोडा थांबला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले आणि त्या वाटण्याचेच मला अधिक नवल वाटले.

पाण्याच्या पृष्ठभागावर असताना डोके वर आणि पाय अंधारात लोंबकळत असतात, म्हणून खाली काय आहे ते कल्पनाच ठरवते. मुखवटा लावून खाली उतरल्यावर मात्र जे आहे ते समोर दिसते. मी शार्कला नव्हे, न दिसणाऱ्या तळाला भीत होतो.

याचा अर्थ शार्क निरुपद्रवी असतात असा नाही. त्यांच्या ५०० हून अधिक जातींपैकी माणसाला खरा धोका मोजक्याच जातींपासून असला, तरी त्या जातींबाबत बेफिकिरी नको. करड्या प्रवाळ-शार्कने पाठ कमानीसारखी वाकवली, छातीचे पर खाली दाबले आणि तो ताठरपणे नागमोडी पोहू लागला, तर ती सरळसरळ तंबी असते. अशा वेळी त्याच्यावरची नजर न हटवता, हातपाय न झाडता सावकाश मागे सरावे. सुरुवातीला आमिष टाकून शार्क गोळा करणाऱ्या सहली मात्र टाळाव्यात, कारण तिथे दिसणारी झुंबड म्हणजे शार्कचे एरवीचे वागणे नव्हे.