कार-टीच्या कामासाठी तिसऱ्यांदा नीट द्यावी का?

सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. मामेभावाचा रक्ताचा कर्करोग उलटल्यावर त्याच्याच पेशी बदलून केलेला कार-टी उपचार आपल्या मुलीने जवळून पाहिला आणि तेव्हापासून तिला याच क्षेत्रात काम करायचे आहे. मात्र दोनदा नीट देऊनही एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही, म्हणून आणखी एक वर्ष थांबावे की बीएस्सी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

त्या उपचारातील नेमके कोणते काम तिच्या मनात भरले, हे आधी तिच्याकडून समजून घ्यावे. पेशी शिरेतून दिल्यानंतर येणारा तीव्र ताप, उतरणारा रक्तदाब किंवा मेंदूवरचा परिणाम सांभाळणाऱ्या डॉक्टरांसारखे व्हायचे असेल, तर नीटला पर्याय नाही. एमबीबीएस, एमडी आणि त्यानंतरची रक्तविकारातील डीएम ही पदवी मिळून किमान साडेअकरा वर्षे लागतात, हेही तिला स्पष्ट सांगावे.

परंतु त्या पेशी घडवण्याचे तिला आकर्षण असेल, तर तिसरे वर्ष नीटमध्ये घालवू नये, असे माझे ठाम मत आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात, जेणेकरून कर्कपेशीवरील सीडी१९ हे प्रथिन त्यांना ओळखता यावे; नंतर त्या वाढवून, तपासून, गोठवून रुग्णालयात पाठवतात. यातले बहुतेक काम जीवशास्त्रज्ञांचे आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे तिला ज्याची ओढ आहे ते काम पवई आणि खारघर इतक्या जवळ चालते.

येथे पालकांना सहसा ठाऊक नसलेली एक बाब सांगतो. अमेरिकेत २०१७ साली मान्य झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. प्रत्येक रुग्णाची मात्रा ही स्वतंत्र बॅच असते, तिची निर्जंतुकता आणि जिवंत पेशींचे प्रमाण दर वेळी नव्याने तपासावे लागते, आणि खर्चाचा मोठा भाग तेथेच होतो. क्लीन रूममधील, म्हणजे धूळ-जंतूंपासून जपलेल्या खोलीतील, उत्पादन आणि गुणवत्ता तपासणीसाठी म्हणूनच शिस्तीने काम करणारी, नोंदी काटेकोर ठेवणारी माणसे लागतात. बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीतील एमएस्सीनंतर पीएचडी न करताही हे काम करता येते. संशोधनच करायचे असेल तर मात्र पीएचडी हवी, आणि तिची वर्षे मोजून ठेवावीत.

नावात ‘कार-टी’ असलेल्या महागड्या छोट्या कोर्सला तूर्त पैसे भरू नयेत. साध्या बीएस्सीत पेशीजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्के करून तिने जॅम आणि गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा द्याव्यात. जॅमच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात गणितही असते, त्यामुळे बारावीला तिचा गणित विषय होता की नाही, एवढे कळवावे. नसल्यास पहिल्या वर्षापासूनच त्याची तयारी कशी करावी, ते मी लिहून पाठवीन.