मुक्काम एकाच गावी

तुला आणि सूनबाईंना अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला इटलीच्या सहलीचा तक्ता दोनदा वाचला. अकरा दिवसांत मिलान, व्हेनिस, चिंक्वे तेर्रे, पिसा, फ्लोरेन्स, सिएना, रोम, अमाल्फी. आणि फ्लोरेन्स-रोमच्या मधल्या एका दुपारच्या चौकटीत ‘टस्कनीतली गावं’. त्याखाली तुझा प्रश्न, यातलं काय गाळू? आणि अगदी शेवटी, ती म्हणते एकाच गावात घर घेऊन राहू, आई म्हणते एवढा खर्च करून व्हेनिस न बघता परत येणार का, काकू, मला काही सुचत नाहीये.

त्या शेवटच्या ओळीसाठी हे पत्र लिहितेय. ती बरोबर बोलतेय. एक गाव निवडा, तिथे आठवडाभर घर घ्या आणि राहा. मुक्काम एकाच गावी. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू हो म्हणशील आणि हळूच दोन शहरं परत घुसवशील.

टस्कनी-उम्ब्रियातली ही गावं डोंगरावर का आहेत ते आधी समजून घे. वर हल्ल्याची भीती कमी. खाली दऱ्यांमध्ये, विशेषतः किआना नदीच्या खोऱ्यात, शतकानुशतकं दलदल आणि मलेरिया होता. म्हणून माणसं वर चढली, तट बांधले, विहिरी खणल्या. आलेल्याने सहज यावं, फोटो काढावा आणि निघावं अशी या गावांची रचनाच नाही. आता बस येतात. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात टस्कनीतल्या सान जिमिन्यानोच्या मुख्य रस्त्यावर खांद्याला खांदा लागतो. तिथले १४ मनोरे अजून उभे आहेत, पण त्या गर्दीत मान वर करायलाही थांबता येत नाही. शेवटची बस गेली की तोच रस्ता मोकळा होतो. घरांतून म्हाताऱ्या बाहेर येतात, बापलेक कोपऱ्यावर उभे राहून बोलतात, पोरं चेंडू काढतात. गाव तेव्हा सुरू होतं. तुझ्या तक्त्यात तू त्या वेळी ट्रेनमध्ये आहेस.

आम्ही उम्ब्रियातल्या ऑर्व्हिएतोला राहिलो. तूही तिथेच जा असं नाही, पण तुम्ही दोघं उजव्या बाजूने गाडी चालवायला घाबरता, म्हणून तुमच्यासाठीही ते सोयीचं आहे. रोमहून ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास. स्टेशन खाली, गाव वर ज्वालामुखीच्या टफ दगडाच्या कड्यावर, आणि स्टेशनसमोरूनच वर नेणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे. वर गेल्यावर गाडी हवीच कशाला?

तिथल्या कॅथेड्रलचं बांधकाम १२९० मध्ये सुरू झालं आणि पुढची जवळपास तीन शतकं चाललं. बाजूच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आहेत. दर्शनी भागाचं मूळ काम लोरेन्झो माइतानीचं. त्यावर सोनेरी मोझेक आहे आणि मावळतीचं ऊन थेट त्यावर पडतं. दुपारच्या बसने आलेल्याला ते फिकट दिसतं. त्याची काही चूक नाही, तो चुकीच्या वेळी तिथे आहे एवढंच. आत सान ब्रिझिओच्या चॅपलमध्ये लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. एका चित्रात, जगाचा अंत झाल्यावर मेलेली माणसं पुन्हा जिवंत होऊन जमिनीतून वर येतायत. काही अजून नुसते सांगाडे, काहींच्या अंगावर मांस चढलंय, एक जण दोन्ही हात टेकून स्वतःला वर ओढतोय, जसं पोहून झाल्यावर काठावर चढतात तसं. पहिल्या दिवशी मला फक्त गर्दी दिसली आणि मान दुखली. दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा उजवीकडच्या सांगाड्यांचे चेहरे दिसले. ते हसतायत असं वाटतं. राहत होतो, म्हणून परत जाता आलं. तुझ्या तक्त्यात ‘परत’ या गोष्टीला जागाच नाही.

आता विहीर. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून ऑर्व्हिएतोला आला. वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून कड्यात पन्नास मीटरहून खोल विहीर खणून घेतली. तिच्या भोवती एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एकातून खेचरं उतरायची, खाली पाणी भरायचं, दुसऱ्यातून वर यायची, वाटेत आमनेसामने यायचंच नाही. मी उतरले. हे वरच बाकावर बसले. गुडघे. मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं आजारपण, घराचं कर्ज, सगळं उरकून आम्ही निघालो तेव्हा गुडघ्यांची वेळ टळून गेली होती. जिन्यातल्या खिडक्यांतून पलीकडच्या जिन्यातली माणसं दिसतात, एक तरुण जोडपं तिथून एकमेकांना हाका मारत होतं. मी वर आल्यावर यांनी एवढंच विचारलं, ‘पाणी आहे का अजून?’ आहे, म्हटलं. म्हणून तुम्ही आत्ताच जाताय याबद्दल मी तुम्हाला एका शब्दाने अडवणार नाही. जा. कर्ज फिटायची वाट बघू नका. पण जाऊन धावू नका.

तू म्हणशील, आठवडाभर एका गावात करायचं काय? हाच प्रश्न आम्हाला आमच्या दिरांनी विचारला होता, आणि अजूनही लग्नकार्यात कुणी युरोपचा विषय काढला की ते सांगतात, ही दोघं इटलीला जाऊन व्हेनिस न बघता आली. हो, नाही बघितलं. मी तेव्हाही त्यांना सांगितलं, आत्ताही सांगते, त्यांनी व्हेनिसमध्ये जेवढे तास काढले त्याहून जास्त वेळ मी एका किराणा दुकानात उभी राहिले असेन. दुकानदारबाई पहिल्या दिवशी माझ्याकडे न बघता चीज कापत होती. मी बोट दाखवून ‘उन एत्तो’, म्हणजे शंभर ग्रॅम, एवढंच म्हणायला शिकले होते. नंतर तिने मला एका चीजपासून हाताने अडवलं, कोवळं नको, हे मुरलेलं घे, असं सुरीच्या टोकावर तुकडा देऊन पटवलं, आणि कागदाच्या पुड्यात एक नासपती आपणहून टाकली. त्याबरोबर खा म्हणून. (तुमच्याकडे कडक शाकाहार असेल तर लक्षात ठेवा, पार्मिजानो चीजमध्ये जनावराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं विरजण असतं, आणि पेकोरिनोतही बहुधा तेच असतं. बाकी खायची आबाळ नाही. हाताने वळलेला जाडजूड पास्ता लसूण-टोमॅटोत मिळतो, कडधान्यांची सुपं मिळतात, फक्त मटणाचा अर्क घातलाय का ते विचारा. तिथला पाव अळणी असतो, त्याला नावं ठेवू नका.)

दुपारी एक वाजला की दुकानं बंद होतात आणि चारच्या आसपास उघडतात. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळत नाही. तुझ्यासारख्याला हे गैरसोयीचं वाटतं, मला माहीत आहे. त्याच बंद दुपारी, त्या भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात, आम्ही दोघं भांडलो. यांच्या बदल्यांच्या वर्षांत मी एकटीने घर ओढलं, ते त्यांना कधी दिसलंच नाही, हे मी इतक्या वर्षांत धड बोलले नव्हते. बोलायला वेळ नव्हता, वेळ होता तेव्हा घरात माणसं होती. तिथे माणसं नव्हती, टीव्ही कळत नव्हता, बाहेर जायला उघडं काही नव्हतं. मी बोलले. त्यांनी ऐकलं. मग त्यांनीही त्यांचं सांगितलं, आणि ते मला नवीन होतं. तुम्ही धावपळीत ट्रेन चुकली म्हणून भांडाल, सामानावरून भांडाल, आणि ती भांडणं निरुपयोगी असतात. लग्नाला दोनच वर्षं झालीत म्हणून तुमच्याकडे बोलायचं काही साचलेलं नसेल असं समजू नकोस. ती एका गावात राहू म्हणते तेव्हा ती आळशीपणाने म्हणत नाहीये. हे तुला माझ्याकडून कळायला लागावं याचं मला वाईट वाटतं.

एका गावी राहायचं म्हणजे खिळून बसायचं असं नाही. सकाळी जा, संध्याकाळी आपल्या गावात परत या. ऑर्व्हिएतोहून बान्योरेजोला बस जाते, रविवारी तिच्या भरवशावर राहू नका. तिथून चालत चिविता या कड्यावरच्या जुन्या गावाला जायचं. वर टफ, खाली चिकणमाती, आणि ती माती पावसात वाहून जातेय, म्हणून गाव कडेकडेने ढासळतंय. १६९५ च्या भूकंपानंतर बहुतेक लोक निघून गेले. आता कायम राहणारी मूठभर माणसं उरलीत आणि पादचारी पुलावरून जायला २०१३ पासून तिकीट लागतं. पहिल्या बसने जा.

गाडी घ्यायचीच ठरली, तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, आणि जुन्या गावांच्या वेशीवर लाल कडा असलेला गोल पांढरा फलक दिसला की गाडी आत घालू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येतं. गाडी असेल तर मग गावाबाहेरच्या शेतघरात राहा. त्या देखण्या दगडी घरांत खाली बैल असायचे आणि वर शेतकऱ्याचं खटलं. जमीन मालकाची, कष्ट याचे, पीक निम्मं निम्मं, आपल्याकडच्या बटईसारखंच. १९५०-६० च्या दशकांत ही माणसं शहरांत कारखान्यांत गेली आणि घरं ओस पडली. १९८५ मध्ये कायदा झाला की शेतकऱ्याला पाहुणे ठेवता येतील, पण शेती मुख्य राहिली पाहिजे, म्हणून ही घरं पुन्हा नांदती झाली. हंगामात अशी घरं बहुधा शनिवार ते शनिवार देतात. बघ, तो धंदासुद्धा आठवड्याच्या हिशेबानेच चालतो.

एक गोष्ट मला अजून सलते. उम्ब्रियाच्या उत्तरेला, टायबरच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं छोटं गाव आहे, तेही डोंगरावरच. त्या भागात दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढले. हाताखालची सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली, ते एकटे धावून गेले, बॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या, आणि मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे आमच्या माणगाव तालुक्यातले, माझ्या माहेरच्या बाजूचे. २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. आम्ही तिथे गेलो नाही. यांनी नकाशा काढला होता, म्हणाले एका दिवसात जाऊन येऊ. बस बदला, ट्रेन बदला, तासभर तिथे, की परत. मी नको म्हटलं. रायगडचा एक पोरगा त्या मातीत पडला, त्याच्याकडे घड्याळ बघत जायचं नाही, असं मला वाटलं. पुन्हा जाणं आता होईलसं दिसत नाही. तरीही माझं म्हणणं तेच आहे. मोंतोनेला जायचं तर मोंतोनेला राहा, गावच्या चौकात बसा, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा. खरं सांगू, तुम्ही ऑर्व्हिएतो सोडून तेच गाव निवडलंत तर मला जास्त आवडेल.

मे महिना किंवा सप्टेंबरचा शेवट धरा. ऑगस्टमध्ये जाऊ नका, १५ ऑगस्टच्या आसपास सगळा इटली सुट्टीवर असतो आणि ऊन भाजून काढतं. व्हिसासाठी मुक्कामांची आरक्षणं लागतात, तुमचं एकच असेल, अर्ज भरायला सोपं. उरलेल्या दिवसांत जाताना किंवा येताना रोम बघा, त्याला माझी ना नाही. आईची काळजी करू नकोस, तिच्याशी मी बोलते. आम्ही दोघी बँकेत एका टेबलावर बसायचो, ती माझं ऐकते. तू आज रात्री सूनबाईंना नकाशा दे आणि गाव तिला निवडू दे.

तुझी,
काकू